पडद्यावरचा आकडा

सोमवार, दुपार
वॉर्डाबाहेरचं बाकडं

ताई,

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, हे माझ्या लक्षात आलं. हरकत नाही. वॉर्डाचा पास एकच मिळतो आणि तो तुझ्या गळ्यात आहे. तोही मी मागत नाही. म्हणून हा कागद. दारावरचे काका म्हणाले, "चिठ्ठ्या पोचवणं माझ्या कामात बसत नाही. डबा पोचवणं बसतं. चिठ्ठी डब्याखाली सरकवा, मला दिसली नाही." डब्यात बाबांचं बिनमिठाचं जेवण आहे आणि पिशवीत त्यांचा वाचायचा चष्मा.

एक काम सांगायचं आहे. बाबांच्या उशाशी औषधाचा पंप आहे आणि त्याच्या वर छोट्या पडद्याची एक करडी पेटी. ती पेटी पंपाला हुकूम देते. पडद्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाच्या नावापुढे एक आकडा असेल. तो मोठ्या अक्षरात कागदावर लिही आणि पेटीलाच चिकटव. डॉक्टरांनी बदलला तर जुना खोडून नवा लिही. येता-जाता दोन्हींकडे बघत जा. कागद आणि पडदा सारखेच असायला हवेत.

कारण विचारू नकोस. खबरदारी म्हणून सांगते आहे, एवढंच समज.

छोटी

सोमवार, संध्याकाळ
तिथेच

ताई,

माझाच कागद उलटा करून तू उत्तर पाठवलंस. पुन्हा लिहून काढते, म्हणजे मी नीट वाचलं हे तुला कळेल.

"मोजपट्टी, ऑपरेशनच्या आधीही तू अशीच आकडे घेऊन बसली होतीस. शंभरातले सत्त्याण्णव धडधाकट घरी जातात, म्हणालीस. बाबा तुझ्या तोंडाकडे बघून हो म्हणाले. आता ते उरलेल्या तिघांत पडलेत, आणि तू मला परत आकडेच उतरवायला सांगतेस? पडद्यावर ढळढळीत दिसतंय की! आणि तुझे वडील अख्ख्या वॉर्डाला सांगत सुटलेत, ही पेटी माझ्या धाकटीने बनवली म्हणून. त्यांना मूठभर मांस चढतं, मला लाज वाटते."

पेटी मी बनवलेली नाही. पेटीच्या आत जी सिस्टीम चालते ती आमची कंपनी बनवते, आणि त्यातल्या एका कोपऱ्यात मी काम करते. बाबांना हे दहा वेळा सांगितलं आहे. सत्त्याण्णवचा आकडा बरोबर होता. आज विचारलंस तरी तोच सांगेन.

दुपारी मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "विशेष काही नाही. जे होतं ते घरच्यांना सांगितलंय." मी विचारलं, घरच्यांना म्हणजे कोणाला? "तुमच्या बहिणीला." त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच मिटला होता. फोन ठेवताना मनात आलं, मी ज्या बिघाडाच्या मागे लागले आहे तो अगदी असाच वागतो. तू कारण विचारलं नाहीस, तरी सांगते.

पेटीत आकडा बदलला की तो लगेच आतल्या कार्डावर, जिथे वीज गेली तरी तो टिकतो, लिहिला जात नाही. आधी तो मेमरीत राहतो, कारण मेमरी चपळ असते आणि कार्ड ढिम्म. पडदा मेमरीतलंच दाखवतो. मग सिस्टीम सवडीने तो आकडा कार्डावर उतरवते. तोवर त्यावर "उतरवायचं बाकी" अशी खूण असते. कार्ड झिजलेलं असेल तर कधीकधी ते लिहू देत नाही. अशा वेळी सिस्टीमने बोंब मारायला हवी. ती मारते, पण एकदाच, आणि जो पहिल्यांदा चौकशी करेल त्याच्याच कानात. मग खूण पुसून मोकळी होते. त्यानंतर जो विचारेल त्याला उत्तर मिळतं, सगळं व्यवस्थित उतरवलं आहे.

पहिल्यांदा चौकशी कोण करतं? पेटीची तब्येत बघायला आम्हीच बसवलेला एक चिमुकला प्रोग्राम. आम्ही त्याला पहारेकरी म्हणतो. तो सारखा विचारतो, उत्तर ऐकतो आणि सोडून देतो, कारण त्या उत्तराचं काय करायचं हे त्याला कोणी शिकवलेलंच नाही. औषधाचा प्रोग्राम त्याच्या मागून पोचतो आणि खुशाल राहतो. पडद्यावर नवा आकडा, कार्डावर जुना. पेटी चालू आहे तोवर काही बिघडत नाही. ती बंद पडून पुन्हा सुरू झाली, की कार्डावरचं वाचते.

एका हॉस्पिटलाकडून तशी तक्रार आली होती. त्यांना वाटलं, नर्सच आकडा बदलायला विसरली. आज मी माझ्या टेबलावरच्या पेटीत झिजलेलं कार्ड घातलं, आकडा बदलला आणि वायर उपटली. पेटी उठली तेव्हा जुना आकडा होता. लाल दिवा नाही, शिट्टी नाही. पडदा इतका निवांत होता की मी खुर्ची मागे सरकवली.

हे बाहेर सांगायचं नाही अशी माझी सही घेतलेली आहे. म्हणून तुझा नंबर चालू असता तरी हे मी कागदावरच लिहिलं असतं. वाचून फाडून टाक. आणि एकच सांग. तिथे आल्यापासून बाबांचा डोस बदलला आहे का? हो किंवा नाही, एवढं लिहिलंस तरी चालेल.

छोटी

मंगळवार, संध्याकाळ
जिन्यात

ताई,

तुझं उत्तर सकाळी मिळालं.

"हो. शनिवारी नाकातून रक्त आलं, मग लघवीतून. थांबेना. अठराचा अकरा केला. तुला कळवलं नाही, कारण तू रडायच्या ऐवजी आलेख काढला असतास. कागद लावलाय. बाबांनी विचारलं, हे काय चिकटवतेस? म्हटलं, तुमच्या लाडकीचा स्वतःच्याच पेटीवर विश्वास नाही. तर म्हणतात, पोरीने काहीतरी पाहिलं असणार. झालं समाधान? आता माझा प्रश्न. या वॉर्डात दहा खाटा आहेत. बाकीच्या नऊ जणांच्या मुली तुझ्या कंपनीत नोकरीला नाहीत. त्यांना कागद कोण लावणार?"

"अठराचा अकरा" वाचलं आणि मी जिन्यात बसले. काका येऊन पाणी देऊन गेले. त्यांना वाटलं, आतून वाईट बातमी आली.

शनिवारचं मला शनिवारी कळायला हवं होतं. पण ते भांडण नंतर करू. तुझ्यापासून मीही एक गोष्ट लपवली आहे. वॉर्डाच्या दारावर नोटीस लावलेली आहे. गुरुवारी सकाळी जनरेटरची चाचणी आहे. मुख्य वीज तोडतील आणि जनरेटर किती वेळात येतो ते बघतील. पेटीतली बॅटरी अगदी थोडा वेळ तग धरते. जनरेटर रेंगाळला, तर दहाच्या दहा पेट्या बंद पडून पुन्हा सुरू होतील. ती नोटीस मी सोमवारी वाचली आणि बाकड्यावर बसून तुला पहिलं पत्र लिहिलं. खबरदारी म्हणून लिहिलं नव्हतं. घाबरून लिहिलं होतं.

बाकीच्या खाटा माझ्या डोक्यात आल्या नव्हत्या असं नाही. आल्या होत्या. मी त्या बाजूला ठेवल्या.

तुझं उत्तर खिशात घालून मी आज मॅनेजरकडे गेले. म्हटलं, सगळ्या हॉस्पिटलांना आजच कळवू या.

तो म्हणाला, "दुरुस्ती झाली की कळवू. सोमवारी, दोन्ही एकदम. नुसतं कळवलं तर लोक घाबरून पेट्या बंद-चालू करत बसतील. बंद करून चालू केली की काय होतं ते तूच मला दाखवलंस ना?"

ते खोटं नाही, ही त्यातली पंचाईत.

"गुरुवारी एका हॉस्पिटलात वीज तोडणार आहेत," मी म्हटलं.

"तुला कसं कळलं?"

"दारावर नोटीस आहे."

"तू तिथे कशाला गेली होतीस?"

"डबा द्यायला."

त्याने पुढे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. वडिलांचं नाव काढलं असतं तर त्याने मला या कामावरून काढलं असतं, चांगल्या मनानेच, आणि मग दुरुस्ती कोणी केली असती? मला भीती वाटते आहे. हे वाक्य मी दोनदा खोडलं होतं.

छोटी

बुधवार, संध्याकाळ
बाकडं

ताई,

दुरुस्ती लिहून झाली. ती उद्या उपयोगाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्याकडे एक जण आहेत, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. सगळ्यांच्या चुका लाल अक्षरांत काढतात म्हणून. खूण पुसून टाकणारी प्रोग्रामातली ती ओळ त्यांचीच. मी ती काढून टाकून त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"खूण पुसली नाही तर काय होईल?"

"आकडा मेमरीत धरून ठेवला जाईल. पुन्हा उतरवायचा प्रयत्न होईल."

"आणि कार्ड मेलेलंच असेल तर? एकावर एक साठत जाईल, मेमरी तुंबेल, पेटी गोठेल. पंपाला हुकूम द्यायलाच कोणी उरणार नाही. चालेल तुला?"

"नाही."

"मग? झोपेत नव्हती लिहिली ती ओळ."

त्यांचं बरोबर होतं. गोठलेल्या पेटीखाली मला एकच खाट दिसत होती. मी जागेवर परत आले. मग दुसरीकडून सुरुवात केली. खूण आणि तक्रार या दोन गोष्टी आपण एकच समजत होतो. मेमरी तुंबायला लागली तर आकडा सोडावा लागेल, तो सोडू दे. पण तक्रार सोडायची नाही. ज्या ज्या प्रोग्रामने कार्डावरची ती आकड्याची फाईल उघडली आहे, त्या प्रत्येकाला ती मिळेपर्यंत जपून ठेवायची. पहारेकऱ्याला सांगितलं म्हणजे औषधवाल्यालाही सांगितलं, असं धरून चालायचं नाही.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. "सोपं आहे," म्हणाले. मला वाटलं, झालं. तर म्हणतात, "सोपं दिसलं की मला धडकी भरते. सगळ्या चाचण्या लाव. हजार वेळा वायर उपट. शनिवारच्या आत माझ्यासमोर उभी राहू नकोस."

उद्या गुरुवार आहे.

म्हणून सोबत दुसरा कागद आहे, तो तुझ्यासाठी नाही. इनचार्ज सिस्टरना दे. त्यात बिघाड काय आहे ते साध्या शब्दांत लिहिलं आहे. जमलं तर चाचणी पुढे ढकलावी. नाही जमलं तर वीज तोडण्याआधी प्रत्येक पेटीवरचा आकडा लिहून तिथेच चिकटवावा. पेटी पुन्हा सुरू झाली की आकडे ताडून बघेपर्यंत पंप थांबवावा. आणि आजपासून उद्यापर्यंत कोणीही, कितीही घाबरलं, तरी पेटी बंद-चालू करून बघायची नाही. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि सही आहे. सही नसेल तर असल्या कागदाकडे कोणी बघत नाही.

मॅनेजरला मी अजून सांगितलेलं नाही. उद्या चाचणी झाली की सांगेन. आधी सांगितलं तर तो थांब म्हणेल, आणि मी थांबणार नाहीच अशी माझी मला खात्री नाही.

तो कागद फाडू नकोस.

छोटी

गुरुवार, सकाळ
बाकडं

ताई,

तुझा निरोप काकांनी तोंडी सांगितला, तुझ्या आवाजाची नक्कल करून. चाचणी पुढे ढकलत नाहीत, तारीख वरून ठरलेली आहे. इनचार्ज सिस्टरनी कागद वाचला, परत वाचला, आणि विचारलं, "ही कोण बाई? सही करून असं लिहितं का कधी कोणी?" मग ड्रेसिंगच्या चिकटपट्टीचं रीळ काढून पट्ट्या कापायला बसल्या. तू आकडे सांगत होतीस आणि त्या लिहीत होत्या. काका म्हणाले, "तुमच्या ताईचा आवाज खणखणीत आहे हो, बाहेरपर्यंत सगळ्यांचे आकडे पाठ झाले."

मी इथेच आहे. वीजवाल्यांची दोन माणसं आत्ता खाली गेली. एक जण सफरचंद खात होता.

मी कागदावर काहीतरी लिहीत राहते आहे. मी सांगितलेल्यात काही राहिलं का, ते मनात तपासते आहे. पंप थांबवायचा, ताडून बघायचं, मग चालू करायचा. एखादी पट्टी वाचताना चूक झाली तर? ओली होऊन गळून पडली तर? माझंच निदान चुकलं असेल, आणि माझ्यामुळे दहा माणसांचं औषध उगाच थांबलं तर?

दिवे गेले.

आतला आवाज एकदम बंद झाला. इतके दिवस इथे बसते आहे, पण आत यंत्रं घरघरत असतात हे मला ती थांबल्यावर कळलं. जनरेटर यायला हवा. काका भिंतीला हात लावून उभे आहेत. अक्षर वेडंवाकडं येतं आहे, दिसत नाही.

अजून नाही.

आले. दिवे आले. पेट्या आता उठत असतील.

आत कोणीतरी ओरडलं. ताई, तो तुझा आवाज आहे.

गुरुवार, दुपार
बाकडं

ताई,

वरचा कागद पुरा झालाच नाही. काकांनी दार लावून घेतलं आणि मला हलू दिलं नाही. मी त्यांच्या अंगावर ओरडले. मग त्यांची माफी मागितली. तुझी चिठ्ठी येईपर्यंत मी त्यांच्याच खुर्चीवर बसून होते.

"बाबांची, पाच नंबरची पेटी उठली आणि अकराच म्हणाली. पट्टीवर अकरा, पडद्यावर अकरा. मी तिथेच मटकन बसणार होते. पण शेजारच्या सहा नंबरपाशी कोणी नव्हतं. सिस्टर दुसऱ्या टोकाला होत्या. तिथल्या बाई शिवणकाम करतात, घरून कोणी येत नाही. मी सहज मान वळवली. पट्टीवर नऊ, पडद्यावर बावीस. आणि पंप चालू! नुसतं बोट दाखवून किंचाळले. सिस्टर धावत आल्या आणि पंप बंद केला. बाई म्हणतात, का ओरडतेस, माझा टाका उसवला का? आता बऱ्या आहेत, चहा मागतायत. बाकीच्यांचं जुळलं. सिस्टरनी तुझा कागद घडी करून स्वतःच्या खिशात ठेवलाय, म्हणाल्या हा मी कोणाला देणार नाही. आता त्या बाई विचारतायत, तुला बघायला सांगितलं कोणी? काय सांगू? तुझं ते लांबलचक नाव आणि हुद्दा मला नाही पाठ होत. बाबा चष्मा लावून दाराकडे बघतायत. पास काकांकडे दिलाय. ये. आणि येताना मोजपट्टी आणू नकोस."

मी सोमवारी तुला एकाच पेटीवर कागद लावायला सांगितलं होतं. त्या पेटीतलं कार्ड चांगलं निघालं.

मॅनेजरला फोन केला आणि सगळं सांगितलं, सहा नंबरसकट. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उद्या ओळखपत्र जमा कर. पुढचं वरचे ठरवतील." आणि फोन ठेवता ठेवता, "त्या बाई ठीक आहेत ना?" मघाशी मास्तरांचा निरोप आला. सगळ्या हॉस्पिटलांना सूचना गेली आहे. त्यांनी मॅनेजरच्या टेबलापाशी उभं राहून ती लिहून घेतली. चाचण्या चालू आहेत, आता वायर ते स्वतः उपटतायत.

भीती गेलेली नाही. अजून किती वॉर्डांत, किती पेट्या निवांत चेहऱ्याने उभ्या आहेत, हे मला माहीत नाही. आज एखाद्या ठिकाणी वीज गेली आणि सूचना कोणी वाचलेली नसेल तर काय, हेच डोक्यात फिरतं आहे.

पास काकांनी दिला. दोरीला तू गाठ मारून ती आखूड केली आहेस. माझ्या गळ्यात ती जरा आवळते. गाठ मी सोडलेली नाही.

हा कागद पुढे पाठवते आणि मागोमाग येते. तोवर त्या बाईंना सांगून ठेव, पाच नंबरच्यांची धाकटी.